तोकडा रकाना

शेवटचं अक्षर अर्धं होतं.

खरं तर अक्षर दिसतच नव्हतं. त्याच्या जागी पडद्यावर एक काळा, तिरका चौकोन होता आणि त्याच्या पोटात पांढरं प्रश्नचिन्ह. एखादं अक्षर पुरतं हाती आलं नाही की संगणक तिथं असा चौकोन ठेवतो. हेमांगी निगुडकरला असे चौकोन नवीन नव्हते. बिघडलेल्या फाइलींमध्ये ते कुठंही विखुरलेले असतात. हा मात्र मजकुराच्या अगदी टोकाला, एकटाच बसला होता.

तिनं दुसरी नोंद उघडली. टोकाला चौकोन. तिसरी उघडली. तिथं चौकोन नव्हता, पण मजकूर "मग थोरली सून म्हनली" इथं थांबला होता, आणि थोरली सून काय म्हणाली ते कुठंच नव्हतं.

दिवाळीच्या आधीचा आठवडा होता. गडहिंग्लजच्या आरोग्य माहिती केंद्रातली निम्मी माणसं सुट्टीवर गेली होती. हेमांगी या केंद्राची माहिती सांभाळायची, आणि सध्या ती तपासणीला आलेल्या बायकांच्या बोलण्याचे जुने आवाज पुसायच्या तयारीला लागली होती. मार्चअखेर ते पुसायचे होते. काही पुसण्याआधी दोन-चार नमुने उघडून बघायचे, ही तिची सवय. सहकारी त्याला हेमांगी मॅडमचं सोवळं म्हणत.

पहिली नोंद हौसाबाई पाटणे या बाईंची होती. चंदगडकडच्या काजू कारखान्यात टरफलं फोडायचं काम. मजकुराचं टोक असं होतं: "बरं, उठती मी आता. आनि येक ऱ्हा" आणि मग चौकोन.

हेमांगीनं कानाला हेडफोन लावला आणि त्याच नोंदीचा आवाज लावला.

"बरं, उठती मी आता. आनि येक ऱ्हायलंच की. सांगू का नको आसं हुतंय."

"सांगा मावशी, मी ऐकते आहे," यंत्र म्हणालं.

खुर्ची करकरली. बाई परत बसली असावी.

"पाळी जाऊन धा-बारा वर्सं झाली माजी. आनि आता आखाडापास्नं पुन्ना डाग दिसाय लागल्यात. वटीपोटात जड वाटतंय. कुनाला बोलले न्हाई. सुनंला काय सांगायचं, ती सोताच लेकरू हाय. तुमी तेवढं डाक्टरला सांगा."

"सांगते," यंत्र म्हणालं.

हेमांगीनं यंत्राचा त्या दिवशीचा निष्कर्ष काढून पाहिला. 'काळजीचं कारण नाही. हातांना खोबरेल लावावं.' त्याखाली दीड वर्षानंतरची, जिल्हा रुग्णालयाची नोंद होती. गर्भाशयाचा कर्करोग, तिसरा टप्पा. उशिराचं कारण: रुग्णानं लक्षणं सांगितली नाहीत.

तिनं हेडफोन काढून टेबलावर ठेवला.   

*

यंत्राचं नाव श्रवणी. प्रत्येक उपकेंद्रात एक शांत खोली, खुर्ची, आणि समोर बाईच्या आवाजात बोलणारा एक डबा. ही कल्पना डॉक्टर मंजिरी निगुडकर यांची, म्हणजे हेमांगीच्या थोरल्या बहिणीची. वीस वर्षं त्या भागात फिरून मंजिरीच्या लक्षात आलं होतं, की बाईला प्रश्न विचारला तर उत्तर एकच येतं. दुखतंय का? न्हाई. काही त्रास? न्हाई. तिला प्रश्न विचारू नका, बोलू द्या. वाटेल तितका वेळ, वाटेल त्या विषयावर. बोलण्यातल्या शब्दांवरून, थांबण्यावरून, श्वासावरून आजाराची चाहूल लागते, हे तोवर सिद्ध झालेलं होतं. डॉक्टरला इतका वेळ नसतो. यंत्राला असतो.

बायका यंत्राला विहीणबाई म्हणायच्या. मानानं बसलेली असते, हं हं करते आणि जागची हलत नाही म्हणून. "माज्या खऱ्या विहिणीपेक्षा बरी," असं एकीनं श्रवणीलाच सांगितल्याची नोंद होती, "मधी तोंड घालत न्हाई."

बाईचं बोलणं दोन ठिकाणी साठायचं. आवाज जसाच्या तसा, आणि त्यावरून उतरवलेला मजकूर. निदान करणारं यंत्र फक्त मजकूर वाचायचं.

मजकूर तक्त्यातल्या एका रकान्यात बसायचा, आणि त्या रकान्याला मर्यादा होती पासष्ट हजार पाचशे पस्तीस बाइटची. बाइट म्हणजे संगणकाचा लहानसा कप्पा. इंग्रजीचं एक अक्षर एका कप्प्यात मावतं. देवनागरीच्या प्रत्येक खुणेला तीन कप्पे लागतात. अक्षराला तीन, कान्याला तीन, अनुस्वाराला तीन. हौसाबाईंच्या 'ऱ्हायलं' या एका शब्दाला एकवीस. ज्या कंपनीनं हा तक्ता बांधला, तिनं कप्पे आणि अक्षरं एकच धरली. चाचणीला इंग्रजी भाषणं लावली, कारण ती तयार मिळत होती. त्या हिशेबानं रकान्यात दीड तासाचं बोलणं मावत होतं, आणि दीड तास कोण बोलतं? मराठीत मात्र तो रकाना अर्ध्या तासाच्या आतच भरायचा. भरला की पुढचं गळून जायचं. अक्षराच्या मध्येच काप पडला तर टोकाला चौकोन उरायचा. सीमेवर पडला तर तेवढंही नाही. काप पडल्याची सूचना संगणक एका फाइलीत मुकाट्यानं लिहून ठेवत होता. ती फाइल कधी कुणी उघडली नव्हती. हेमांगीनंही नाही.

आवाज मात्र शाबूत होते. आवाजासारखी अवजड वस्तू तक्त्यात ठेवत नाहीत. ती बाहेरच्या कोठारात जाते आणि रकान्यात फक्त तिचा पत्ता राहतो, देवळाबाहेर चपला ठेवून हातात बिल्ला घ्यावा तसा. सगळे जे वाचत होते ते तोकडं होतं. जे पुरतं होतं ते कुणी ऐकत नव्हतं, आणि मार्चअखेर तेच पुसायचं होतं.

यात दुष्ट कुणीच नव्हतं. हेमांगीला याचाच जास्त राग आला. दुष्ट माणूस सापडला असता तर एका ठिकाणी रागावता आलं असतं.

आणि बायका शेवटी काय बोलतात, हे तिला ठाऊक होतं. आधी नवऱ्याचा खोकला, मग लेकरं, मग म्हैस, शेजारीण, सून. स्वतःचं असतं ते उंबऱ्यात. तिची आणि मंजिरीची आई तशीच होती. मुलींना एसटीत बसवून द्यायला यायची, अर्धा तास स्टँडवर इकडचं तिकडचं बोलायची, आणि गाडी हलली की खिडकीसोबत चालत महत्त्वाचं सांगायला लागायची. दोघी बहिणी यावरून हसायच्या. तो रकाना नेमकं तेवढंच कापत होता.

*

दुसऱ्या दिवशी हेमांगी कोल्हापूरला गेली. मंजिरीचा बाह्यरुग्ण विभाग आटोपला होता आणि ती कँटीनमध्ये डबा उघडून बसली होती. हेमांगीनं फोन टेबलावर ठेवला आणि इअरफोनचं एक बोंड तिच्या कानात घातलं. मंजिरीनं हौसाबाईंचं बोलणं शेवटपर्यंत ऐकलं. 'सांगते' हा यंत्राचा शब्द आला तेव्हा तिनं घास खाली ठेवला.

"रकाना मोठा करायला किती दिवस लागतील?"

"केला. सकाळी निघायच्या आधी केला. पाच मिनिटांचं काम होतं."

"मग झालं की."

"पुढच्यांचं झालं. आधीच्यांचं काय, ताई? आवाज आहेत अजून. यंत्राला पुन्हा उतरवायला लावते. महिन्याभरात कळेल कुणाकुणाचं काय राहिलं ते."

"आणि मग त्यांना काय सांगू? तुम्ही सांगितलं होतं, आम्ही हरवलं?"

"हो. तेच."

मंजिरीनं डब्याचं झाकण लावलं. "हेमे, एक बाई त्या खुर्चीवर बसायला तयार व्हायला मला दोन-दोन वर्षं लागलीत. उठून जायला एक बातमी पुरेल. विहीणबाईला सांगितलेलं सगळं वाया जातं, असं एकदा पसरलं की संपलं. ज्या आज वाचतायत त्यांचं काय? त्यांना धर तुझ्या हिशेबात."

 ताई म्हणत होती ते खोटं नव्हतं.

"शिवाय दोन वर्षांनी आवाज पुसू, हे आपण त्यांना वचन दिलंय," मंजिरी म्हणाली. "ते मोडायचं?"

"ऐकवून मग पुसू. त्यांनाच विचारू."

"समिती येऊन जाऊ दे. राज्यभर श्रवणी बसवायचा निर्णय व्हायचाय. त्यानंतर आपण नीट बघू. जेवलीस का तू?"

समिती आली आणि गेली. मग मंजिरी म्हणाली, संक्रांत होऊ दे, हळदीकुंकवाच्या निमित्तानं गावोगावी बायका जमवल्यात, त्यात हे नको. संक्रांत झाली. मग म्हणाली, अंदाजपत्रक. हेमांगी प्रत्येक वेळी बरं म्हणाली. ताईनं तिला वाढवलं होतं, शिकवलं होतं, नोकरीलाही तिनंच लावलं होतं. ताईला बरं म्हणायची जिभेला सवय होती. दरम्यान तिनं थोडे आवाज स्वतःच ऐकले. रोज जेवणाच्या सुट्टीत एक, शेवटची दहा मिनिटं. कुणाच्या शेवटात काही नसे, म्हशीचंच पुढं चाललेलं असे. पण एकीला गिळताना अडकत होतं. एकीला छातीत सुपारीएवढी गाठ लागली होती. एक विधवा म्हणाली होती, मला रात्री विहीर दिसते. तिघींना यंत्रानं कळवलं होतं: काळजीचं कारण नाही.

त्या तिघींच्या उपकेंद्रांना हेमांगीनं फोन केले. पुन्हा तपासणी करा, एवढंच सांगितलं. का, ते सांगितलं नाही.

*

फेब्रुवारीच्या शेवटी ती काजू कारखान्यात गेली. निमित्त उपकेंद्रातलं यंत्र बघायचं. उपकेंद्र कारखान्याच्या समोरच होतं.

आत पत्र्याखाली बायका ओळीनं बसल्या होत्या. पायानं यंत्राचं पायडल दाबायचं, पात्यात काजू धरायचा, टरफल फोडायचं. टरफलातलं तेल कातडी जाळतं म्हणून बोटांना राख लावलेली, तरी बोटं काळी पडलेली. हौसाबाई त्या ओळीत नव्हत्या. त्या दाराजवळ, गरांच्या साली काढायच्या हलक्या कामाला बसल्या होत्या. डोक्याला रुमाल घट्ट बांधला होता.

"विहीणबाईकडनं आलाय व्हय?" त्यांनीच विचारलं. "बरी हाय न्हवं ती? न्हाई, मी आता जात न्हाई तिच्याकडं म्हून इचारलं."

"बरी आहे. मावशी, तुमची तब्येत?"

"चाललंय की. सलायनी संपत आल्यात. केस गेलं, त्येचं काय न्हाई, उवा बी गेल्या." शेजारची बाई हसली. हौसाबाईही हसल्या आणि मग हातातल्या गराकडे बघत म्हणाल्या, "डाक्टर म्हनलं, आदी आली आसतीस तर पिशवी काढून भागलं आसतं. आता पसरलंय. माजीच चूक."

"तुमची कशी?"

"न्हाई सांगितलं येळंवर. थोरल्या म्याडम आल्या हुत्या न्हवं, हळदीकुंकवाला. त्यांनी समद्या बायास्नी माजंच उदारन दिलं. उभी केली मला मधी. म्हनल्या, बोला गं, न्हाईतर हौसाबाईवानी हुईल. बायका सांगत न्हाईत, आनि मग आमी काय करनार?"

 हळदीकुंकू जानेवारीत होतं. ताईनं आवाज दिवाळीच्या आधी ऐकला होता.

"मला तर वाटत हुतं म्या सांगितलं म्हून," हौसाबाई म्हणाल्या. "उठलेली परत बसले, त्ये बी आठवतंय. पर न्हाईच सांगितलं आसंल. लिवलेल्यात न्हाई म्हंत्यात. मानसाचं काय वं, मनात बोललेलं बी बोलल्यावानी वाटतंय."

आवाज हेमांगीच्या पर्समधल्या फोनमध्ये होता. हात आत घालायचा, एवढंच. तिनं तोंड उघडलं आणि तिला स्वतःचाच आवाज ऐकू आला. "काळजी घ्या मावशी."

"घेती की," शेजारची बाई परस्पर म्हणाली. "आमी काळजी घेत बसतो, काजू तुमच्या म्याडम फोडतील."

*

स्टँडवर येऊन तिनं मंजिरीला फोन लावला.

"तू हौसाबाईंना बायकांसमोर उभं केलंस. तो आवाज ऐकल्यावर."

 मंजिरी म्हणाली, "नावाशिवाय गोष्ट पोचत नाही, हेमे. समोर माणूस लागतो."

"गोष्ट खोटी होती."

"कामाची होती. त्या दिवशी सतरा बायका आपणहून तपासायला आल्या. त्यातल्या दोघींचं वेळेत सापडलं. जाऊन विचार त्यांना, गोष्ट खरी हवी होती की नको."

"आणि ही? ती आता स्वतःच्या आठवणीवर विश्वास ठेवत नाही, ताई. तिनं सांगितलं होतं. तिला ते आठवतंय. आणि आपण तिला पटवून दिलं, की तू सांगितलं नाहीस."

"ओरडू नकोस."

"मी ओरडत नाहीये." ती खरोखरच ओरडत नव्हती. तिचा आवाज नेहमीपेक्षा खाली गेला होता.

"वीस वर्षं मी हेच बघितलंय," मंजिरी म्हणाली. तिचाही आवाज बदलला होता. "बायका सांगत नाहीत. आईनं तरी तिचं दुखणं कुठं सांगितलं? मी डॉक्टर होत होते तिच्या डोळ्यांसमोर, आणि तिनं मला सांगितलं नाही."

"सांगितलं असेल. एसटी सुटली असेल."

फोन बंद झाला. ताईनं केला की रेंज गेली, ते हेमांगीनं तपासलं नाही.

*

मार्चअखेरची बैठक कोल्हापूरला झाली, सकाळी अकराला. लांब टेबल, एका टोकाला समितीचे अधिकारी बेडगेसाहेब, दुसऱ्या टोकाला मंजिरी, मधे विभागप्रमुख. इतका मोठा साठा पुसायला आता नुसती सही चालत नसे. दोन जबाबदार व्यक्तींनी तोंडानं संमती द्यायची. ती आवाजासकट कायम साठवली जायची. नकार दिला तर कारण सांगायचं, आणि ते कारण वरच्या सगळ्या कार्यालयांना वाचावं लागायचं. इतक्या वर्षांत नकार कुणी दिला नव्हता.

आधी मंजिरी बोलली. श्रवणीमुळे किती जणी वाचल्या ते तिनं सांगितलं, आणि त्यातला शब्दन्‌शब्द खरा होता. पुढच्या वर्षापासून श्रवणी प्रत्येक जिल्ह्यात बसणार होती. हेमांगी टेबलावर हात ठेवून ऐकत होती. ताईच्या कानशिलावरचे केस या हिवाळ्यात बरेच पांढरे झाले होते. तिला हौसाबाईंचा रुमाल आठवला.

"अजूनही उशिरा येणाऱ्या आहेतच," मंजिरी शेवटी म्हणाली. "यंत्र आपण देऊ शकतो. धीर नाही देऊ शकत. आपल्या बायका सांगत नाहीत, हे दुखणं जुनं आहे."

बेडगेसाहेबांनी मान हलवली. "आमच्या घरी तर उलटं आहे. दिवसभर सांगतात." सगळे हसले. "बरं, ते पुसायचं तेवढं उरकून घेऊ. मग जेवण."

भिंतीतल्या डब्यातून आवाज आला. तोच, श्रवणीचा, कारण दुसरा कुणी कशाला घेईल. "डॉक्टर मंजिरी निगुडकर. दोन वर्षांपूर्वीचे आवाज कायमचे पुसायला आपली संमती आहे?"

"आहे," मंजिरी म्हणाली. म्हणताना तिनं बहिणीकडे पाहिलं नाही.

"हेमांगी निगुडकर. आपली संमती आहे?"

हेमांगीनं टेबलावरचे हात मागे घेतले. विभागप्रमुखांनी घड्याळाकडे पाहिलं. बेडगेसाहेब म्हणाले, "मॅडम, नुसतं आहे म्हणायचं. भाषणाची गरज नाही." आता मंजिरीनं पाहिलं. लहानपणी हेमांगी पाण्याच्या टाकीवर चढायची तेव्हा ताई खालून असंच बघायची. आधी धाक, आणि धाकाच्या खाली घाबरलेपण.

"हेमे," ती हळूच म्हणाली. "जेवून बोलू."

"नाही," हेमांगी म्हणाली. ते ताईला होतं की यंत्राला, ते तिचं तिलाही कळलं नाही. म्हणून ती डब्याकडे वळून पुन्हा म्हणाली, "माझी संमती नाही."



"नकाराचं कारण सांगा," श्रवणी म्हणाली. "मी ऐकते आहे."

कारणाचा रकानाही तोकडाच होता. दिवाळीच्या आधी, पहिला रकाना मोठा केला त्याच सकाळी, हेमांगीनं तोही मोठा करून ठेवला होता. तेव्हा तो कशाला लागेल हे तिनं स्वतःला विचारलं नव्हतं.

"लिहून घे," ती म्हणाली. "आवाज पुसायचे नाहीत. एकेक शेवटपर्यंत ऐकायचा. आणि जिचं जिचं कापलं गेलं, तिच्या दारात आम्ही जाणार, तिचा आवाज तिला ऐकवणार, आणि तिला सांगणार, की तुम्ही सांगितलं होतं. मग ठेवायचं की पुसायचं, ते ती ठरवेल. पहिलं नाव हौसाबाई पाटणे. तिथं मी आजच जाते आहे."